उदाचे रान आणि तीन दगडांची चूल

सणासुदीच्या मिस्साबलिदानात वेदीपुढे धूपपात्र हलू लागले की जो सुगंधी धूर वर चढतो, त्याचा भक्तीच्या अंगाने आपण नेहमीच विचार करतो. तो धूर ज्या झाडाच्या चिकातून निघतो ते झाड कोठे वाढते, त्याची जोपासना कोण करतो, आणि ज्या जमिनीवर ते उभे असते तिचा धनी कोण, हे प्रश्न मात्र सहसा मनाला शिवत नाहीत. पूर्वेकडील ज्ञानी लोकांनी बाळ येशूपुढे ठेवलेला धूप हा अरबस्तान आणि त्यापलीकडच्या आफ्रिकी किनाऱ्याचा. परंतु चर्चमधील धुपाच्या मिश्रणात आणखी एक डिंक शतकानुशतके मिसळला जात आला आहे. मराठीत त्याला ऊद म्हणतात. तिन्हीसांजेला निखाऱ्यावर ऊद घालण्याची रीत महाराष्ट्रातील अनेक घरांना ठाऊक आहे; आणि सर्दीपडशाने छाती भरली की कढत पाण्यात टिंक्चर बेंझॉईनचे थेंब टाकून वाफ घ्यायला लावणारी आजीही पुष्कळांना आठवत असेल. बेंझॉईन म्हणजे हाच ऊद.

उदाच्या दोन जाती व्यापारात प्रसिद्ध आहेत. एक लाओसकडची, जिला सयामी म्हणतात. आणि दुसरी सुमात्रा बेटाची. ही दुसरी जात मुख्यत्वे उत्तर सुमात्रातील बताक लोकांच्या डोंगराळ मुलखातून येते. त्या मुलखातील लहानशा गावाची रचना, तेथील माणसांचे जमिनीशी असलेले नाते आणि ते नाते टिकविण्यासाठी त्यांना द्यावी लागलेली झुंज यांची ओळख वाचकांस करून द्यावी, एवढाच आमचा हेतू आहे.

बंदरावरून डोंगराकडे

सुमात्राच्या पश्चिम किनाऱ्यावर बारूस नावाचे एक जुने बंदर आहे. डोंगरातला कापूर आणि ऊद पाठीवरून खाली उतरे तो या बंदरात. तेथून जवळच लोबू तुआ येथे सापडलेला १०८८ सालचा एक शिलालेख तमिळ भाषेत असून त्यात दक्षिण भारतातील 'पाचशे' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्यापारी श्रेणीचा उल्लेख आहे. म्हणजे नऊशे वर्षांपूर्वी आपल्याकडचे व्यापारी तेथे नुसते ये-जा करीत नव्हते, तर नियम कोरून ठेवण्याइतके स्थिरावले होते. आपल्याकडे भीमसेनी कापराला 'बरास' असे जे नाव आहे ते या बारूस बंदरावरूनच आले असे अभ्यासक मानतात. बताकांपैकी कारो शाखेच्या सेंबिरिंग कुळात तर चोलिया, पांडिया, मलियाला, ब्राह्माना अशी उपकुळे आजही आहेत. त्या नावांचे मूळ शोधण्यासाठी कोशाची गरज पडू नये.

अरब व्यापारी या उदाला 'लुबान जावी' म्हणजे जावा देशाचा लोबान म्हणत. त्यांच्या बोलण्यात जावामध्ये सुमात्राही येई. १३४५ च्या सुमारास सुमात्राच्या किनाऱ्यावर उतरलेल्या इब्न बतूताने या लोबानाचा उल्लेख केला आहे. पुढे युरोपीय जिभांवर 'लुबान जावी'तले पहिले अक्षर गळून पडले आणि पोर्तुगीजांनी त्याचे 'बेंजुई' केले. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या वनौषधींच्या ग्रंथात या बेंजुईवर आणि कापरावर स्वतंत्र संवाद लिहिले आहेत. मुंबई बेट काही काळ ज्याच्याकडे खंडाने होते तोच हा गार्सिया. मालाचा गंध आपल्या किनाऱ्यापर्यंत पोचला होता. तो काढणाऱ्या माणसांविषयी मात्र त्या काळी फारसे कोणाला ठाऊक नव्हते. १२९२ च्या सुमारास सुमात्रात थांबलेल्या मार्को पोलोपासून पुढे डोंगरातल्या नरभक्षकांच्याच कथा सांगितल्या गेल्या. या भयाचा एक उपयोगही झाला असावा: परक्या व्यापाऱ्याने किनाऱ्यावर थांबावे, रानापर्यंत येऊ नये, हे त्यामुळे आपोआप साधले.

सरोवराचा मुलूख

या मुलखाच्या मध्यभागी तोबा सरोवर आहे. लांबी सुमारे १०० किलोमीटर, रुंदी ३० किलोमीटर, खोली काही ठिकाणी ५०० मीटर, आणि पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच. सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी येथे एका ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला आणि डोंगर खचून जो खड्डा पडला त्यात हे पाणी साठले. मध्ये सामोसिर नावाचे बेट उरले. त्या उद्रेकाची राख वाऱ्यावर भारतापर्यंत आली. आंध्र प्रदेशातील ज्वालापुरम येथे आणि शोण नदीच्या खोऱ्यात तिचे थर सापडले आहेत. पुणे जिल्ह्यात कुकडी नदीच्या काठी बोरी येथे सापडलेली राखही तोबाचीच मानतात. मात्र ती नेमक्या कोणत्या उद्रेकाची याविषयी संशोधकांत वाद आहे. मनुष्याने व्यापार सुरू करण्याच्या कितीतरी आधी त्या डोंगराची माती आपल्या मातीत मिसळली होती, असे म्हणता येईल.

सरोवराच्या काठी आणि दऱ्यांच्या तळाशी भाताची खाचरे, वर हुंबांगसारखी थंड पठारे, आणि त्यांच्या कडेने दाट रान. बताकांच्या तोबा, कारो, सिमालुंगुन, पाकपाक, अंगकोला आणि मांडाइलिंग अशा शाखा मानतात. आमचा रोख मुख्यतः तोबा शाखेवर आहे.

हुता: कोट आणि घर

तोबा बताकांच्या गावाला 'हुता' म्हणतात. आपल्या 'कोट' या शब्दाचा जो संस्कृत मूळ शब्द, त्याचाच हा मलाय मुलखातून फिरून आलेला भाऊ. आणि हुता खरोखरच कोट असे. भोवती मातीचा वा दगडांचा बांध, त्यावर दाट बांबूचे बेट, आणि आत शिरायला एक अरुंद दार. बाहेरून पाहणाऱ्याला गाव दिसतच नसे, दिसे ते हिरवे बांबूचे वर्तुळ. गावागावांत वैर असे, लढाया होत, माणसे पळवून नेली जात. म्हणून ही व्यवस्था.

आत मध्यभागी झाडून लोटून स्वच्छ ठेवलेले अंगण. त्याच्या एका बाजूला राहती घरे, म्हणजे 'रुमा'; समोरच्या बाजूला भाताची कोठारे, म्हणजे 'सोपो'. दोन्ही खांबांवर उचललेली, छपराची दोन्ही टोके नावेसारखी वर गेलेली. रुमाच्या दर्शनी फळ्यांवर तांबड्या, पांढऱ्या आणि काळ्या रंगांत कोरीव वेलबुट्टी असे. घराखाली म्हशी बांधत. एका घरात अनेक चुली, म्हणजे अनेक कुटुंबे नांदत. सोपोमध्ये वर धान्य, आणि खालच्या मोकळ्या फळ्यांवर तरुण मुले व पाहुणे निजत. बायका तेथेच बसून विणीत. धान्याचे कोठार आणि माणसांचे घर समोरासमोर असावे, या रचनेतच त्या लोकांचे आयुष्य कशावर उभे होते ते दिसते.

नवा हुता वसविणे हे मोठ्या मानाचे काम. भावकीतला एखादा कर्ता पुरुष मूळ गावातून निघे, बांध घाली, आणि 'हारिआरा' नावाचे वडाच्या जातीचे झाड लावी. झाड जगले तर गाव जगेल अशी समजूत होती. त्या संस्थापकाचे वंशज हे त्या गावचे 'राजा'. राजा या शब्दाने वाचकांनी फसू नये. दहापंधरा घरांच्या गावालाही राजा असे, आणि तो आपले खाचर स्वतःच नांगरी. आपल्याकडून गेलेले आणखीही शब्द त्या डोंगरात सापडतात. झाडाच्या सालीवर लिहिलेल्या त्यांच्या पोथ्यांना ते 'पुस्तहा' म्हणत, त्यांची लिपी ब्राह्मीच्या कुळातली, आणि देवाला त्यांनी दिलेले नाव 'देबाता', म्हणजे आपली देवता. आज त्या मुलखातील कॅथलिक व प्रोटेस्टंट दोन्ही ख्रिस्ती लोक बायबलमधल्या परमेश्वराला याच शब्दाने हाक मारतात.

चूल आणि जमीन

बताकांच्या समाजव्यवस्थेला 'दालिहान ना तोलु' म्हणतात. म्हणजे तीन दगडांची चूल. एक दगड हलला की भांडे लवंडते. पहिला दगड आपली भावकी, 'दोंगान तुबु'. दुसरा 'हुला-हुला', म्हणजे ज्या घरातून आपल्याकडे लेक आली ते सोयरे. तिसरा 'बोरु', म्हणजे ज्या घरी आपली लेक गेली ते. मुलगी देणाऱ्यांचा मान वरचा. भावकीशी जपून वागावे, हुला-हुलांना वंदन करावे, आणि बोरुंना गोडीने वागवावे असा दंडक आहे. एकाच कुळात विवाह निषिद्ध. प्रत्येक माणूस एकाच वेळी कोणाचा तरी हुला-हुला आणि कोणाचा तरी बोरु असतो, त्यामुळे कायमचा वरचा आणि कायमचा खालचा असा कोणी राहत नाही. आपल्याकडे मुलीच्या बापाने मान खाली घालावी हा प्रघात. तेथे तो ताठ बसतो आणि जावयाच्या खांद्यावर 'उलोस' हे हातमागाचे वस्त्र पांघरून आशीर्वाद देतो.

जमिनीची व्यवस्था याच चुलीवर बसविलेली आहे. ज्या कुळाने रान मोडून पहिले गाव वसविले त्याचा त्या साऱ्या परिसरावर मूळ हक्क, 'गोलात'. रान, पाणी आणि गायरान सामाईक. रान साफ करून जो शेत काढील त्याची त्यावर वहिवाट. परंतु ते टाकून तो निघून गेला तर जमीन पुन्हा गावाची. मुलगा वेगळा निघाला की बाप त्याला संसार मांडण्यापुरते शेत देई. गरज पडल्यास खाचर गहाण टाकता येई. मात्र आधी भावकीला विचारावे लागे. जमीन आजच्या धन्याची जितकी, तितकीच ती मेलेल्या आज्याची आणि न जन्मलेल्या नातवाची, असा त्या नियमांचा मथितार्थ आहे. डच अधिकारी व्हर्गौवेन याने १९३३ साली तोबा बताकांच्या रूढिकायद्यावर जो जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या साऱ्या बारकाव्यांची नोंद आहे.

या व्यवस्थेची एक बाजू उजेडाची नव्हती, हेही सांगणे आवश्यक आहे. कर्ज न फिटल्यास माणूस सावकाराचा दास होई. आणि लेकीला वारसा नसे. लग्नात बाप तिला 'पाउसेआंग' म्हणून एखादे खाचर आंदण देई, ते त्याच्या मायेवर आणि ऐपतीवर अवलंबून. पण वाटणी मागण्याचा हक्क तिला नव्हता. मुलगा नसलेल्या माणसाची जमीन भावाकडे जाई, मुलीकडे नव्हे. १९६१ साली इंडोनेशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने कारो बताकांच्या एका खटल्यात मुलीलाही मुलाइतकाच वारसा आहे असा निर्णय दिला. निर्णय कागदावर आला. डोंगरात उतरायला त्याला फार वेळ लागला.

रडणारे झाड

पठाराच्या पलीकडे उदाचे रान. बताक भाषेत उदाला 'हामिंजोन' म्हणतात. हे रान आपोआप उगवलेले आहे असे नवख्याला वाटते, पण तसे नाही. आधीच्या मोठ्या झाडांची सावली राखून, खालची झुडपे विरळ करून, आज्याने रोपे लावलेली असतात. सातआठ वर्षांनी झाड चिकासाठी तयार होते आणि पुढे कित्येक दशके, दोन पिढ्यांना पुरेल इतके देत राहते. माणूस दोराच्या आधाराने खोडावर चढतो, साल खरवडून स्वच्छ करतो, आणि टोकदार हत्याराने ठिकठिकाणी जखमा करतो. मग तीनचार महिने थांबावे लागते. सालीखाली पांढरा चीक साठून घट्ट होतो. पहिल्या तोडणीचा पांढरा स्वच्छ ऊद सर्वांत भारी. नंतर त्याच जागी खरवडलेला त्याहून हलका. काम पुरुषांचे. सोमवारी ते तांदूळ घेऊन रानात जातात, तेथल्या खोपटात राहतात, आणि आठवड्याच्या शेवटी बाजार व रविवारची उपासना यांसाठी परततात. त्या दिवसांत खाचर, कॉफीची झाडे, मुले, डुकरे, सारे घरच्या बाईच्या अंगावर.

या झाडाविषयी एक लोककथा आहे. कर्जाच्या फेडीसाठी एका मुलीचे नको असलेल्या घरी लग्न ठरले. ती रानात पळाली आणि रडता रडता तिचे झाड झाले. ऊद हे तिचे अश्रू. म्हणून रानात जाताना घरी भांडण करू नये, झाडापाशी वाईट बोलू नये, आणि कामाआधी तांदळाच्या पिठाचा गोड लाडू ठेवून प्रार्थना करावी. ख्रिस्ती झाल्यावरही ही प्रार्थना राहिली. ती आता देबाताच्या नावाने होते. कर्जात गमावलेल्या लेकीची ही कथा त्या समाजाने स्वतःविषयीच रचली आहे. जो चीक आपण देवापुढे जाळतो त्याच्या मुळाशी बापाच्या कर्जाची आठवण त्यांनी जपून ठेवली, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

शुभवर्तमानाचे आगमन

१८३४ साली मन्सन आणि लायमन हे दोन अमेरिकन मिशनरी सिलिंडुंग खोऱ्याच्या वाटेवर मारले गेले. त्याच वर्षी जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावरील एका बेटावर लुडविग नॉमेन्सन याचा जन्म झाला. ऱ्हेनिश मिशनचा हा प्रोटेस्टंट धर्मसेवक १८६२ साली सुमात्रात आला आणि पुढे सिलिंडुंग खोऱ्यात राहिला. जे पहिले लोक ख्रिस्ती झाले त्यांना त्यांच्या गावांनी बाहेर काढले. पूर्वजांच्या भोजनात जो वाटा घेत नाही त्याला गावात जागा नाही, हा नियम होता. जमीन आणि पूर्वज एकच असल्यामुळे धर्म बदलणे म्हणजे जमीन गमावणे. अशा बेघर झालेल्यांसाठी नॉमेन्सनने 'हुता दामे', म्हणजे शांतीचा गाव, वसविला. १८७८ साली त्याने केलेला नव्या कराराचा तोबा बताक अनुवाद पुरा झाला. १९१८ साली त्याचा मृत्यू झाला तेव्हा तो मुलूख बव्हंशी ख्रिस्ती झालेला होता.

दुसरीकडे डच सत्ता डोंगरात चढत होती. बाक्कारा येथील पुरोहित-राजा सिसिंगामंगाराजा बारावा याने १८७८ पासून तिच्याशी झुंज दिली; १७ जून १९०७ रोजी तो मारला गेला. १९६१ साली स्वतंत्र इंडोनेशियाने त्याला राष्ट्रवीर म्हणून गौरविले. मिशनने सत्तेच्या सावलीत काम केले हे इतिहास नाकारू देत नाही. आणि मिशनच्या शाळांतून शिकलेल्यांनीच पुढे त्या सत्तेला प्रश्न विचारले हेही तितकेच खरे.

कॅथलिक ख्रिस्तसभेला या मुलखात यायला उशीर झाला. एका भागात एकच मिशन असावे या धोरणाने डच सरकार परवाना देत नसे. शेवटी डिसेंबर १९३४ मध्ये कापुचिन धर्मगुरू सिब्रांडुस व्हान रॉसम बालिगे येथे आले. सामोसिर बेटावर राबलेले फादर डिएगो व्हान डेन बिगेलार यांना लोक 'ओंपुंग' म्हणजे आजोबा म्हणू लागले. १९४२ साली जपानी सैन्य आले आणि डच धर्मगुरूंना छावण्यांत डांबण्यात आले. त्या वर्षांत रविवारची प्रार्थना, मुलांचे धर्मशिक्षण, मरणाऱ्याच्या उशाशी बसणे हे सारे गावच्या धर्मशिक्षकांनी आणि कुटुंबांनी सांभाळले. नुकतेच लावलेले रोप माळ्याशिवाय जगले. १९६१ साली मेदान हा महाधर्मप्रांत झाला, आणि १९७६ साली पियुस दातुबारा हे बताक कापुचिन त्याचे आर्चबिशप झाले. आज तेथील मिस्सात बताक वाद्ये वाजतात, धर्मगुरूंच्या खांद्यावर उलोस दिसतो, आणि काही चर्चच्या भिंतींवर रुमाची तीच तीन रंगी वेलबुट्टी आहे. पूर्वजांची हाडे उकरून सिमेंटच्या उंच थडग्यांत ठेवण्याची जुनी रीत कोठवर चालू द्यावी, यावर मात्र अजून विचार चालतो. कारण ते थडगे आदराइतकाच जमिनीवरचा हक्कही सांगते.

नकाशावरचे रान

डच गेले, जमिनीचा प्रश्न उरला. १९६० च्या शेतजमीन कायद्याने रूढीचे हक्क मानले, पण राष्ट्रहिताला बाध येणार नाही तोवर. १९६७ च्या वनकायद्याने रान शासनाचे ठरले. आज्याने लावलेल्या झाडांची नोंद कोणत्याही दप्तरात नव्हती. ती लोकांच्या स्मरणात होती, आणि स्मरणाला शिक्का नसतो.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस पोर्सेआजवळ इंडोरायोन कंपनीचा कागदाच्या लगद्याचा कारखाना सुरू झाला. १९९२ साली तिला २,६९,०६० हेक्टर वनक्षेत्राचा परवाना मिळाला. जुने रान तोडून तेथे निलगिरी लावण्यात येऊ लागली. त्याआधीच सुगापा नावाच्या छोट्या गावात ठिणगी पडली होती. १९८७ साली गावचे सुमारे ५२ हेक्टर सामाईक गायरान काही प्रमुखांनी सह्या करून कंपनीला दिले. पुरुष गप्प राहिले. दहा बायका उठल्या आणि त्यांनी त्या जमिनीवर लावलेली निलगिरीची रोपे उपटून टाकली. १९८९ साली न्यायालयाने त्यांना सहा महिन्यांच्या कैदेची शिक्षा सुनावली. परंतु प्रकरण देशभर गाजले आणि जमीन गावाला परत मिळाली. येथे थोडे थांबावे असे आम्हास वाटते. ज्या रूढीने लेकीसुनांना जमिनीचा वारसा दिला नाही, त्याच रूढीची जमीन लेकीसुनांनी वाचविली. म्हशी चारायला, सरपण आणायला त्या गायरानावर रोज जाणाऱ्या त्याच होत्या. सह्या करणाऱ्यांना त्या मातीचा असा रोजचा स्पर्श नव्हता.

लोकांच्या विरोधामुळे १९९९ साली कारखाना बंद झाला आणि २००३ साली तोबा पल्प लेस्तारी या नव्या नावाने पुन्हा सुरू झाला. २००९ साली पठारावरील पांडुमाआन आणि सिपितुहुता या जोडगावांच्या उदाच्या रानात कुऱ्हाड पडली. सिपितुहुता या नावाचा अर्थच सात हुता. गावकऱ्यांनी मोर्चे काढले, रानात पहारे बसविले. फेब्रुवारी २०१३ मध्ये झटापट झाली आणि अनेकांना पकडून नेण्यात आले. प्रोटेस्टंट मंडळी आणि कापुचिन धर्मगुरू यांनी त्यांची बाजू घेतली. त्याच वर्षी मे महिन्यात इंडोनेशियाच्या घटनात्मक न्यायालयाने एक मोठा निर्णय दिला: रूढीने चालत आलेले सामाईक रान हे शासनाचे रान नव्हे. ३० डिसेंबर २०१६ रोजी राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो यांनी नऊ समाजांच्या रानांना मान्यता जाहीर केली. त्यात या जोडगावांचे ५,१७२ हेक्टर परवान्यातून वगळण्यात आले. पुढचे कागद पुरे व्हायला २०२२ साल उजाडले. मधल्या काळात गावकऱ्यांनी स्वतः रानात फिरून आपल्या सीमांचे नकाशे तयार केले. म्हाताऱ्यांनी झाडे, ओढे आणि खडक दाखवावेत, तरुणांनी ते यंत्रावर नोंदवावेत, असे ते काम चाले. स्मरणाला शिक्का मिळविण्याचा हा मार्ग लांबचा, पण रक्तपात टाळणारा होता.

नाबोथचा मळा

राजांच्या पहिल्या पुस्तकातील नाबोथची कथा वाचकांना ठाऊक आहे. राजा अहाब त्याचा द्राक्षमळा मागतो. मोबदलाही देऊ करतो, तोही वाजवी. तरीही नाबोथ नाही म्हणतो, कारण पूर्वजांचे वतन विकायचे नसते. लोभी राजा आणि बिचारा प्रजाजन एवढ्यापुरतीच ही कथा आपण वाचतो. पण अहाब आणि नाबोथ जमिनीला दोन निरनिराळ्या भाषांत संबोधत होते, हे तिचे मर्म आहे. एकाला ती मोबदल्याने बदलता येणारी वस्तू, दुसऱ्याला ती देवाने सांभाळायला दिलेली ठेव. तोबाच्या पठारावर हाच संवाद आपल्या काळात झाला. फरक इतकाच की तेथे नाबोथ एकटा नव्हता. त्याच्यामागे चुलीचे तिन्ही दगड होते, आणि पुढे बायका होत्या.

तरीही सारे सुखरूप झाले असे म्हणणे धाडसाचे होईल. शिकलेली मुले मेदानला, जाकार्ताला जातात. बताक वकील, शिक्षक, धर्मगुरू साऱ्या इंडोनेशियात भेटतात. संतती, संपत्ती आणि सन्मान ही तीन सुखे बताक माणूस आयुष्यभर मागतो, आणि आज ती गावात राहून मिळत नाहीत असे तरुणांना वाटते. दोराने झाडावर चढणारे हात कमी होत आहेत. उदाच्या भावावर दलालांचे नियंत्रण. म्हणून पठारावरचे शेतकरी कॉफीकडे वळले. तिच्या एका लोकप्रिय वाणाचे नाव 'सिगारार उतांग', म्हणजे कर्ज फेडणारी. रडणाऱ्या मुलीच्या कथेतले कर्ज अजून पुरते फिटलेले नाही, असेच हे नाव सांगते.

न्यायालय रान परत देऊ शकते. रोप लावून सातआठ वर्षे वाट पाहणारा माणूस न्यायालय देऊ शकत नाही. त्यासाठी रान आपले आहे एवढे पुरत नाही, आपण रानाचे आहोत असे मुलांना वाटावे लागते. पांडुमाआन आणि सिपितुहुताच्या म्हाताऱ्यांनी नकाशे काढताना तरुणांना बरोबर घेतले ते बहुधा याच कारणाने. सीमा कागदावर उतरलीच, पण त्या निमित्ताने कोणते झाड कोणाच्या पणज्याने लावले हे नातवंडांनी आज्यांच्या तोंडून, त्याच झाडाखाली उभे राहून ऐकले. त्या नातवंडांत मुलीही असाव्यात, आणि त्यांच्या नावेही एखादे झाड लिहिले जावे, अशी प्रार्थना आम्ही येथून करतो.